काळ्या बिल्ल्यांचे गाव

अमेरिकेच्या युटा राज्यात प्रोव्हो नावाचे एक गाव आहे. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंच. म्हणजे आपल्या महाबळेश्वराइतकेच. पण महाबळेश्वरचे धुके नि ओली लाल माती मनात धरून कोणी येथे आला, तर त्याची निराशाच व्हायची. येथली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नि दोरीवर टाकलेला पंचा तासाभरात पापडासारखा कडक होतो. पूर्वेला वासाच पर्वताची उभी भिंत, पश्चिमेला युटा सरोवराचे उथळ पाणी आणि या दोहोंमधल्या पट्टीवर फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते. डोंगराच्या उतारावर 'वाय' हे इंग्रजी अक्षर पांढऱ्या रंगात काढलेले आहे. शंभर मीटरांहून उंच असलेले हे अक्षर म्हणजे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची खूण. पाहुण्याला दिशा चुकायची सोयच नाही. 'वाय' दिसला की ती पूर्व!

पण या गावाची खरी खूण डोंगरावर नाही, ती माणसांच्या छातीवर आहे. रस्त्याने चालताना दोन दोन तरुणांच्या जोड्या समोरून येतात. पांढरा सदरा, गळ्यात टाय, नि खिशाशी एक लहानसा काळा बिल्ला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत आडनाव आणि आडनावाआधी 'एल्डर' ही पदवी. एल्डर म्हणजे वडीलधारा, ज्येष्ठ! मिसरूडही नीट न फुटलेल्या अठरा वर्षांच्या पोराला ज्येष्ठ म्हणावयाचे, ही कल्पना मला प्रथम मोठी विनोदी वाटली. मुलींच्या बिल्ल्यावर 'सिस्टर' असते. पहिले नाव कुणाच्याच बिल्ल्यावर नाही. आईने हाका मारून झिजवलेले नाव पुढचे काही महिने कपाटात ठेवून द्यायचे: मुलांनी चोवीस, मुलींनी अठरा.

हे गाव म्हणजे मॉर्मन पंथाच्या धर्मप्रचारकांची पाठशाळा. या मंडळींचे अधिकृत नाव पुष्कळ लांब आहे, नि 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नये असा आग्रह त्यांच्या पुढाऱ्यांनी 2018 पासून धरला आहे. पण बाहेरच्या जगाच्या तोंडी तेच बसले आहे, म्हणून मीही तेच वापरतो. 1830 मध्ये जोसेफ स्मिथ याने न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला. 1844 मध्ये इलिनॉयच्या एका तुरुंगात जमावाने त्याला ठार केले आणि 1847 मध्ये ब्रिगहॅम यंग आपल्या अनुयायांना घेऊन, माळराने नि डोंगर तुडवीत, या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात आला. घरेदारे सोडून आलेल्या या लोकांनी एक गोष्ट मात्र पहिल्यापासून सोडली नाही. ती म्हणजे आपली तरणी माणसे दूरदेशी प्रचाराला धाडणे.

या परंपरेचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो, हे मला तेथे गेल्यावरच कळले. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा एक मॉर्मन प्रचारक मुंबईस उतरला आणि तेथून पुण्यास गेला. 1856 पर्यंत, हाती फारसे काही न लागता, हिंदुस्थानातली ती मोहीम आटोपली. पुण्याच्या उन्हात घाम पुसत दारोदार हिंडणारा हा गृहस्थ डोळ्यांपुढे आणला की आजच्या जोड्यांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

2023 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता माझ्या मेहुण्यांकडे गेलो होतो. ते लीहाय या गावी संगणकाच्या कारखानदारीत नोकरी करतात आणि प्रोव्होला लागून असलेल्या ओरेम गावात राहतात. त्या वर्षी युटात विक्रमी बर्फ पडले होते. जून उजाडला तरी टिंपानोगोस शिखराच्या खांद्यावरून पांढरी उपरणी उतरली नव्हती. मेहुण्यांचे शेजारी मॉर्मन. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी शेजारीणबाई घरी भाजलेला, अजून कोमट असलेला पाव घेऊन आल्या. आमच्या सौभाग्यवतींनी सवयीने चहाचे आधण ठेवले, तो वहिनींनी हळूच डोळ्यांनी खुणावले. मॉर्मन लोकांना चहा, कॉफी, दारू नि तंबाखू ही चारही वर्ज्य. त्यांचा हा नियम 1833 पासूनचा आहे. मग कोकमाचे सरबत निघाले. बाईंनी दोन पेले घेतले नि कृती लिहून मागितली. मला मात्र मनात वाटून गेले, ज्या घरी चहा नाही त्या घरच्या माणसांची दुपार सरते तरी कशी?

त्या घरी त्या दिवसांत दुसरीच धामधूम चालू होती. थोरला मुलगा नुकताच शाळा संपवून प्रचाराला निघाला होता. कुठे जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे नसते, हे ऐकून मी चकित झालो. अर्ज करायचा, दाताची नि प्रकृतीची तपासणी करून घ्यायची आणि वाट पाहायची. पूर्वी जाड पांढऱ्या लखोट्यातून हुकूम येई, 2018 पासून तो संगणकावर येऊ लागला. तो उघडायचा प्रसंग म्हणजे आपल्याकडचा साखरपुडाच म्हणा ना! आजी-आजोबा, मामा-मावश्या, शाळूसोबती सगळे गोळा होतात, कोणता देश निघणार यावर पैजा लागतात, नि मुलगा थरथरत्या आवाजात वाचतो. या मुलाला निघाले फिनलंड. शेजारीणबाई सांगत होत्या, "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग आत जाऊन नकाशा काढला नि बोटाने मोजत बसले."

खर्चही घरचाच. मुलगा कोणत्याही देशात गेला तरी दरमहाची वर्गणी तेवढीच असते. 2020 मध्ये ती चारशेवरून पाचशे डॉलर झाली. या पोराने शाळेत असताना लोकांच्या अंगणातले गवत कापून नि दुकानात सामान वाहून त्यातला काही वाटा जमवला होता. आपण मुलांना परगावी धाडतो ते काही मिळवून आणण्यासाठी. येथे मुलगा स्वतःचे पैसे घालून, दारे वाजवून, बहुधा नकार ऐकण्यासाठी जातो. हे शहाणपण की वेडेपण, यावर आम्हां घरच्यांत दोन रात्री वाद झाला. सौभाग्यवतींचे मत वेडेपणाच्या बाजूला. मी बावरलेल्या न्यायाधीशासारखा मधे.

शिक्षणाचे पहिले दिवस आजकाल घरीच जातात. करोनाच्या साथीत, 2020 मध्ये, ही पद्धत सुरू झाली नि पुढेही राहिली. त्यामुळे मला तो दिनक्रम शेजारच्या खिडकीतून जवळजवळ प्रत्यक्ष पाहायला मिळाला. आदल्या रात्री पंथातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला या कामासाठी 'वेगळे' केले. त्या क्षणापासून नियम लागू. सिनेमा नाही, खेळाचे सामने नाहीत, मैत्रिणीशी गप्पा नाहीत. सकाळी साडेसहाला गजर. कालपर्यंत अर्ध्या चड्डीत हिंडणारा हा पोरगा आपल्याच निजायच्या खोलीत पांढरा सदरा नि टाय घालून संगणकापुढे बसे. पडद्यावर आयडाहो राज्यात बसलेला त्याचा जोडीदार, आणखी सात-आठ मुले नि शिक्षक. खाली स्वयंपाकघरात धाकटी भावंडे भांडत, कुत्रा भुंकत असे. वर हा फिनिश भाषेत प्रार्थना पाठ करी.

एके संध्याकाळी तो अंगणात कपाळाला हात लावून बसलेला दिसला. मी भाषेचा मास्तर आहे हे त्याला ठाऊक होते.

"सर, या भाषेला पंधरा विभक्त्या आहेत," तो म्हणाला. "इंग्रजीत 'आत' हा शब्द घराच्या आधी सुटा उभा असतो. येथे तो घराच्या शेपटीला चिकटतो!"

मी वही मागून घेतली. फिनिशमध्ये तालो म्हणजे घर, तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. मी शेजारी आपली अक्षरे मांडली: घर, घरात, घरातून. "अरे, हे तर आमच्याकडची तीन वर्षांची पोरे करतात," मी म्हटले. त्याचा विश्वास बसेना. मग त्याने दुसरी तक्रार काढली. कातु म्हणजे रस्ता. पण 'रस्त्यावर' म्हणायचे तर कादुल्ला. म्हणजे प्रत्यय लागायच्या आत मूळ शब्दच कूस बदलतो, हा काय अन्याय? मी म्हटले, "आमचा रस्तासुद्धा 'रस्तावर' होत नाही, 'रस्त्यावर' होतो. याला आम्ही सामान्यरूप म्हणतो."

माझ्या वर्गात सामान्यरूप हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. येथे अठरा वर्षांच्या पोराचे डोळे लकाकले! त्याने मराठीचे ते तीन शब्द वहीत उतरून घेतले नि पुन्हा पुन्हा म्हटले. त्या रात्री मी पुष्कळ वेळ विचार करीत होतो. माझी मुले मंद नाहीत नि हा काही अलौकिक बुद्धीचा नव्हे. फरक इतकाच की दोन-तीन महिन्यांनी एका परक्या दारात उभे राहून याला तोंड उघडायचे होते. तेथे परीक्षक नसणार, दार उघडणारा माणूस असणार. भाषेची गरज अशी पोटात कळ येण्यासारखी लागली म्हणजे व्याकरणाला चव येते.

पुढे कोकमाच्या सरबतावर आमची चांगली गट्टी जमली, तेव्हा मनात घोळणारा प्रश्न मी विचारून टाकला. मराठी माणसाला मिशनरी हा शब्द ऐकून दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे भाषेचे ऋण. गोमंतकात येऊन मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स इंग्रज होते, नि 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या भाषेत शाळा चालवल्या, छापखाने घातले. दुसरी म्हणजे घरांची ताटातूट. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर जे आभाळ कोसळले, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेला कोणता मराठी वाचक विसरेल? पुढे दोघे एकत्र आली, लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या; पण मधल्या वर्षांचे अश्रू काही पुसले गेले नाहीत. ही हकीकत मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली नि विचारले, "तू दार वाजवलेस, नवऱ्याला तुझे पटले नि बायकोला पटले नाही, तर?"

तो बराच वेळ गवताची काडी चावीत राहिला. मग म्हणाला, "याचा धडा आमच्या पुस्तकात नाही, सर." आणि थोड्या वेळाने, "दार वाजवायच्या आधी, आत आणखी कोण कोण असेल, याचा मी विचार करीन."

यापेक्षा प्रामाणिक उत्तर मोठमोठ्या धर्ममार्तंडांकडूनही मिळाले नसते.

मग तो बुधवार आला. पाठशाळेच्या दाराशी मुलाला सोडण्याचा समारंभ मुळी नसतोच. मोटारींची रांग लागते. आपली गाडी पुढे सरकली की आधीच आत असलेला एखादा एल्डर हसतमुखाने पुढे येतो, सामान उतरवून घेतो, घरची माणसे मुलाला कवटाळतात नि गाडी पुढे काढावी लागते, कारण मागे दुसरी आई वाट पाहत असते. आगगाडी सुटताना फलाटावर रुमाल तरी हलवता येतो. येथे तेवढीही उसंत नाही. आम्ही मेहुण्यांच्या गाडीतून मागोमाग गेलो होतो, ते रस्त्यापलीकडे उभे राहिलो. मुलाने मागे वळून पाहिले नाही. शेजारीणबाई मात्र गाडी वळेपर्यंत मान वळवून पाहत होत्या.

आत बाहेरच्यांना सहज प्रवेश नाही. पण शेजारीणबाईंचा भाचा ब्राझीलहून प्रचार करून परतलेला, विद्यापीठात शिकता शिकता तेथेच पोर्तुगीज शिकवीत असे. तेथले बहुतेक शिक्षक असेच. परवा परवा स्वतः धडपडलेले, म्हणून शिकणाऱ्याची ठेच ओळखणारे. त्याच्याकडून मी आतल्या जगाची खडान्‌खडा माहिती काढली.

या शाळेचा जन्म गमतीचा आहे. 1961 मध्ये मेक्सिको नि अर्जेंटिनाला निघालेल्या काही मुलांचे परवाने अडकून पडले. रिकामे बसण्यापेक्षा स्पॅनिश तरी शिका, म्हणून विद्यापीठात वर्ग काढले. 1976 मध्ये आताचे आवार झाले, 1978 मध्ये आताचे नाव मिळाले आणि 2017 मध्ये दोन सहामजली इमारती उभ्या राहिल्या. आज पन्नासांहून अधिक भाषा येथे शिकवतात. सोप्या भाषेला सुमारे सहा आठवडे, फिनिशसारख्या अवघड भाषेला नऊ. जगभर या पंथाचे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक आहेत, आणि ब्राझील, मेक्सिको, घाना, फिलिपाइन्स येथेही अशा शाळा आहेत. पण सर्वांत मोठी ही प्रोव्होची.

साडेसहाला उठायचे नि साडेदहाला दिवे मालवायचे. मधला वेळ तासांनी ठासून भरलेला: भाषेचे वर्ग, धर्मग्रंथाचे वाचन, पाठांतर, थोडा व्यायाम, पुन्हा वर्ग. शिक्षक वर्गात शिरतो तोच नव्या भाषेत बोलत. पहिल्यांदा शिकवतात प्रार्थना, मग 'माझा विश्वास आहे' असे सांगणे. चार-सहा दिवसांत मुलांना एखाद्या 'घरी' पाठवतात. घर म्हणजे शाळेतलीच खोली, घरमालक म्हणजे सोंग घेतलेला शिक्षक किंवा ती भाषा बोलणारा कुणी स्वयंसेवक. तो मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारतो, कंटाळल्याचे सोंग करतो, कधी रडतोही. मुले घाम पुसत विभक्ती शोधतात. तोंडातून धड शब्द न फुटल्याने रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी मुले कितीतरी, असे भाचा सांगत होता. तोही त्यांतलाच एक होता.

सर्वांत कठीण धडा मात्र भाषेचा नव्हे. जोडीदार सतत डोळ्यांपुढे नि कानांच्या टप्प्यात असला पाहिजे, हा मुख्य नियम. तो आपण निवडायचा नाही. तो घोरेल, जेवताना आवाज करील, गप्प राहील, फार बोलेल. त्याच्याबरोबरच चोवीस तास. आपल्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या पिढीला याचे नवल वाटणार नाही. पण लहानपणापासून स्वतंत्र खोलीत झोपलेल्या अमेरिकन पोराला ही खरी तपश्चर्या! विरंगुळा म्हणजे जेवणघर. तेथे हवे तेवढे वाढून घ्यायचे नि वर विद्यापीठाच्या दूधशाळेचे आइस्क्रीम. त्यामुळे धर्माबरोबर वजनही वाढते, अशी तेथे थट्टा आहे.

आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्याचा नि पत्रे लिहिण्याचा. पूर्वी घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच असे, नाताळला नि मातृदिनाला. 2019 पासून दर आठवड्याला आईबापांशी बोलता येते, चेहराही दिसतो. शेजारीणबाई पहिल्या बोलण्याच्या दिवशी केस विंचरून, ठेवणीतला झगा घालून, दीड तास आधीच पडद्यापुढे बसल्या होत्या.

सगळ्यांनाच हे मानवत नाही. कुणाचे मन खचते, कुणाचा विश्वास डळमळतो, कुणी आजारी पडते नि मुदतीआधी परत येते. ज्या गावात दर चार घरांआड एक बिल्ला टांगलेला, तेथे अशा मुलाने मान वर करून चालणे सोपे नाही. शेजाऱ्यांच्या चौकशीतली सहानुभूतीही टोचते. बारावीला नापास झालेल्या मुलाचे आपल्याकडे जे होते, तेच. भाचा हे सांगताना आवाज खाली घेऊन बोलत होता, यावरून मी काय ते ओळखले.

आम्ही जुलैत परत आलो. त्यानंतरची हकीकत वहिनींच्या दूरध्वनीवरून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेली. मुलगा फिनलंडला पोहोचला. हिवाळ्यात दुपारीच काळोख होणाऱ्या एका गावी त्याला एक म्हातारी भेटली. ती म्हणाली, तुझा धर्म मला नको, पण तुझ्या विभक्त्या मला ऐकवत नाहीत. दर आठवड्याला ती त्याला नि त्याच्या जोडीदाराला बसवून त्यांची भाषा सुधारी, आणि नवऱ्याच्या, युद्धाच्या, मेलेल्या लेकराच्या गोष्टी सांगे. तिने धर्म बदलला नाही तो नाहीच. पण मुलगा आईला म्हणाला, "मी बोलायला म्हणून ही भाषा शिकलो. तिच्याकडे बसून ती ऐकायला शिकलो."

मला यात मास्तर म्हणून मोठा संतोष वाटला. स्टीफन्ससाहेब आपल्याकडे कशासाठी आले होते, हा प्रश्न सोडा. ते मराठी ऐकत बसले असतील तेव्हाच त्यांना ती आली. परक्याची भाषा खरोखर शिकावयाची तर त्याच्या ओसरीवर बराच काळ मुकाट्याने बसावे लागते. आणि इतका वेळ ऐकून घेतलेल्या माणसाला नुसता 'गिऱ्हाईक' समजणे मग जरा अवघडच जाते. शाळेच्या वेळापत्रकात हा तास नाही. पण त्या नऊ आठवड्यांची खरी फलश्रुती मला तीच वाटते.

2025 च्या उन्हाळ्यात तो परत आला. विमानतळावर फुगे, फलक, टाळ्या, सर्व काही झाले. बिल्ला उतरवून आईच्या हातात दिला. रात्री सगळे निजल्यावर आईला चाहूल लागली. उठून पाहते तो त्याची खोली रिकामी. दोन वर्षे खोलीत दुसऱ्याचा श्वास ऐकत झोपलेल्या त्या मुलाला एकट्याने झोपच येईना. धाकट्या भावाच्या खोलीत, जमिनीवर गादी ओढून, तो गाढ झोपला होता. आईने दिवा न लावता दार लोटून घेतले.